सूज उतरली, जोराचा अंदाज चुकलेलाच

पाय मुरगळला, चार दिवसांनी सूज उतरली, आठवड्याने लंगडणे थांबले, म्हणजे पाय बरा झाला, असे आपण सारेच धरून चालतो. हे गृहीतच अपुरे आहे, आणि त्याची किंमत सर्वांत जास्त मोजतात ती पायांवर पोट असलेली माणसे. आदिलाबाद जिल्ह्यातील तामसी मंडलासारखा भाग डोळ्यांपुढे आणा. पैनगंगेच्या दक्षिणेची ही काळी जमीन. अनेक घरांत मराठी, कचेरीत तेलुगू, शेतात कापूस, सोयाबीन आणि तूर. 2016 साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि तामसीतून भीमपूर हे नवे मंडल निघाले. नकाशा बदलला, पण पऱ्हाटीच्या सऱ्यांतून दिवसभर चालणारी माणसे तीच राहिली. या माणसांचा घोटा मुरगळतो, बरा होतो आणि पुन्हा मुरगळतो. ‘त्याचा पाय कच्चा आहे’ म्हणून गाव विषय संपवते. पाय कच्चा का राहतो, याचे एक महत्त्वाचे उत्तर आपण लक्षात घेतलेले नाही, ते म्हणजे स्नायूने किती जोर लावला हे ओळखण्याची जाण. दुखणे गेले तरी ही जाण बिघडलेली राहू शकते. ती तपासल्याशिवाय कोणालाही ‘पाय बरा झाला’ असे सांगू नये. आणि तिची तपासणी व सराव गावपातळीवर करणे मुळीच अवघड नाही.

घोटा बहुतेक वेळा आतल्या बाजूला वळतो. तळवा आत फिरतो, शरीराचा भार बाहेरच्या कडेवर येतो आणि घोट्याच्या बाहेरचे अस्थिबंध ताणले किंवा फाटले जातात. त्यांतही पुढच्या बाजूचा अस्थिबंध सर्वांत आधी जातो. अस्थिबंध म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, एवढेच आपल्याला माहीत असते. पण त्यात मज्जातंतूंची सूक्ष्म टोकेही असतात आणि सांधा कुठे, किती वळला याची खबर ती मेंदूकडे पाठवत असतात. मायकेल फ्रीमन या ब्रिटिश अस्थितज्ज्ञाने 1965 मध्ये असे मांडले की मुरगळलेल्या पायात पट्ट्याबरोबर ही खबर देणारी टोकेही निकामी होतात. म्हणूनच पट्टा भरून आला तरी काही रुग्णांचा पाय ‘दगा देत’ राहतो. फ्रीमनची मांडणी पुढे अनेक अंगांनी दुरुस्त झाली, पण तिच्यातला गाभा टिकला. घोट्याची अस्थिरता ही निव्वळ सैल सांध्याची गोष्ट नाही. क्ष-किरण चित्रात आणि हाताने तपासताना सांधा घट्ट लागूनही पाय वारंवार लचकणारे लोक असतात, तर सांधा सैल असूनही कधी न लचकणारे लोकही असतात.

आता जोराच्या जाणिवेकडे येऊ. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळते. या आतल्या जाणिवेचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स शेरिंग्टन यांनी रूढ केला. तिचे पदर अनेक आहेत. सांध्याची स्थिती कळणे हा एक, हालचाल कळणे हा दुसरा, आणि स्नायू किती जोर लावतो आहे हे कळणे हा तिसरा. हा तिसरा पदर दोन वाटांनी तयार होतो. स्नायू जिथे हाडाला चिकटतो त्या कंडऱ्यात ताण मोजणारी इंद्रिये असतात. कामिल्लो गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाने ती एकोणिसाव्या शतकात ओळखली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. दुसरी वाट मेंदूतून निघते. स्नायूला हुकूम देताना मेंदू त्या हुकमाची नोंद स्वतःपाशीही ठेवतो आणि किती मोठा हुकूम दिला यावरून किती जोर लागला असेल याचा अंदाज बांधतो. थकलेल्या हाताला तेच ओझे जड वाटते ते यामुळेच. ओझे वाढलेले नसते, हुकूम मोठा द्यावा लागतो. घोट्याच्या बाबतीत हा हिशेब मुख्यतः पोटरीच्या बाहेरच्या कडेने खाली उतरणाऱ्या पेरोनियल स्नायूंचा आहे. पाऊल आत वळू लागले की त्याला बाहेर खेचून धरणारे हेच स्नायू.

हा हिशेब मोजता येतो. माणसाला बसवायचे, पाऊल बाहेरच्या दिशेने एका जोरमापकावर दाबायला लावायचे, पडद्यावर पाहत एक ठरावीक जोर साधू द्यायचा, मग पडदा बंद करून तोच जोर पुन्हा लावायला सांगायचा. दुसऱ्या प्रकारात एका पायाने लावलेला जोर दुसऱ्या पायाने जुळवायचा. अमेरिकेत कॅरी डॉकर्टी आणि ब्रेंट अर्नोल्ड यांनी 2004 नंतरच्या काही वर्षांत अशा चाचण्यांची एक मालिकाच केली. घोटा वारंवार दगा देणाऱ्यांच्या हातून यात मोठ्या चुका होतात, हे त्यांना दिसले. 2006 च्या एका अभ्यासात त्यांनी हलक्या जोरावर लक्ष ठेवले आणि जोर जुळवण्यातली चूक व पाय किती वेळा दगा देतो याची वारंवारता यांचा संबंध तपासला. तो संबंध फार घट्ट नव्हता, पण होता. मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘हलका जोर’. सगळी ताकद एकवटून रेटताना थोडी चूक खपते. जिनिंगच्या दारातल्या ट्रकच्या काट्यात दोन किलोंचा फरक पडला तरी मालाला बाध येत नाही. तोच फरक सोनाराच्या काट्यात पडला तर दुकान बुडेल. उभे राहणे, चालणे, वाकणे, वळणे ही कामे घोट्याचे स्नायू सोनाराच्या काट्यावर करतात. त्यांना कमाल ताकदीचा लहानसा वाटाच लागतो, पण तो अचूक लागतो.

यावर कोणी म्हणेल, पाय वळू लागला की शरीर आपोआप सावरते, मग मेंदूच्या मोजमापाची काय गरज? आपोआप सावरणे असते, पण ते उशिरा पोहोचते. घोटा वळून इजा व्हायला सेकंदाचा दहावा भागही पुरतो. ताणाची सूचना मज्जारज्जूपर्यंत जाऊन पेरोनियल स्नायू जागा व्हायलाच 50 ते 80 मिलिसेकंद लागतात, आणि जागा झालेल्या स्नायूत कामापुरता जोर तयार व्हायला आणखी वेळ जातो. म्हणून पाय वाचतो तो पाऊल टेकण्याआधी केलेल्या तयारीने. जमीन लागण्याच्या क्षणापूर्वीच स्नायूने बेताचा जोर धरलेला असावा लागतो. बेताचा म्हणजे किती, हे ठरवायला मेंदूला आधीच्या शेकडो पावलांचा खरा हिशेब हवा. हिशेबच चुकीचा असेल तर तयारीही चुकीची होते, आणि चालणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तामसीची जमीन या चुकीला माफ करणारी नाही. काळ्या कापूस-जमिनीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. आषाढ-श्रावणात ती चपलेला चिकटून पावलाचे वजन वाढवते आणि तळव्याखाली सरकते. दिवाळीच्या आसपास, म्हणजे नेमकी वेचणी रंगात येते तेव्हा, तिला भेगा पडू लागतात आणि कडक ढेकळे वर येतात. त्याच सरीत सकाळी दव पडलेले असते आणि दुपारी जमीन दगडासारखी होते. वेचणी बहुतांशी बायका करतात. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस साठत जातो, तसतसा शरीराचा भार पुढे आणि एका बाजूला सरकत जातो. दोन्ही हात बोंडांत गुंतलेले, आणि डोळेही बोंडांवर. माझ्या मुद्द्याचे मर्म इथे आहे. आतली जाण बिघडलेली माणसे ती उणीव डोळ्यांनी भरून काढतात. अस्थिर घोट्याची माणसे तोल सांभाळताना निरोग्यांपेक्षा नजरेवर जास्त विसंबतात, हे 2016 मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून दाखवले गेले. डांबरी रस्त्यावर, दिवसाउजेडी, पायाखाली पाहत चालणाऱ्याला त्यामुळे आपला पाय पूर्ण बरा वाटतो. वेचणीत नजर पायाला उसनी देता येत नाही. कबड्डीच्या मैदानातही तेच. पकड करणाऱ्याची नजर चढाईच्या खेळाडूवर असते, आणि त्याच्या घोट्यावर झडप घालताना स्वतःचा घोटा कुठल्या कोनात रोवला हे पाहायला सवड नसते.

सर्वांत बळकट आक्षेप असा आहे की हे सारे अशक्तपणाचेच वर्णन आहे. पाय बांधून ठेवला, वापर कमी झाला, स्नायू रोडावला. त्याला व्यायामाने बळकट करा की जाण आपोआप येईल. हे ऐकायला पटते, पण पुरावा त्याला साथ देत नाही. अस्थिर घोट्याची माणसे पाऊल बाहेर रेटण्यात खरोखर कमजोर असतात का, याची उत्तरे अभ्यासागणिक वेगळी आली आहेत. 1999 मधल्या एका काळजीपूर्वक केलेल्या तपासणीत तर निरोगी आणि अस्थिर घोट्यांच्या ताकदीत फरकच आढळला नाही. त्याहून बोलका निष्कर्ष 2012 चा आहे. डॉकर्टी यांचा सहभाग असलेल्या गटाने अस्थिर घोटा असलेल्यांकडून सहा आठवडे टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा ताकदीचा व्यायाम करून घेतला. ताकद वाढली. जोर ओळखण्याची अचूकता मात्र होती तिथेच राहिली. एका अभ्यासावर सारी इमारत उभारू नये हे खरे, पण दिशा स्पष्ट आहे. जोर असणे आणि किती जोर लावला हे कळणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि पहिली वाढवली की दुसरी सोबत येईलच याची हमी नाही. दिवसभर ओझी वाहणाऱ्या माणसाला ‘तुझा पाय अशक्त आहे’ म्हणणे तर मुळातच विसंगत आहे. त्याच्या पायात ताकद भरपूर असते.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो आणि तो मला मान्य करावा लागतो. यांतले बहुतेक प्रयोग विद्यापीठांतल्या तरुण मुलामुलींवर झाले. ते एका वेळेचे चित्र दाखवतात. जोराची जाण आधी बिघडली आणि म्हणून पाय लचकला, की पाय लचकल्याने जाण बिघडली, हे त्यांतून ठरत नाही. पहिल्या भागाला माझे उत्तर असे की गॉल्जीची इंद्रिये आणि पेरोनियल स्नायू विद्यापीठाच्या मैदानात एक आणि कापसाच्या सरीत दुसरे असे नसतात. बदलतो तो वापर, आणि सरीतला वापर जास्त कठोर आहे. शिवाय प्रश्न फक्त खेळाडूंचा नाही. आयर्लंडमध्ये रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पहिल्यांदाच पाय मुरगळून आलेल्यांचा वर्षभर पाठपुरावा झाला आणि त्यांतल्या सुमारे 40 टक्के लोकांचा घोटा वर्षानंतरही अस्थिर होता. कारण आधी की परिणाम आधी, हा वाद अभ्यासकांना पुढे न्यावाच लागेल. पण उपचार ठरवताना त्याचा अडथळा मानू नये. बिघाड आधीचा असो वा नंतरचा, पाय पुढच्या वेळी वळेल तेव्हा तो तिथे हजर असणार आहे.

आणि सरावाने फरक पडतो, याचा पुरावा मात्र एका वेळेच्या चित्राचा नाही. नेदरलँड्समध्ये नुकताच घोटा मुरगळलेल्या 522 खेळाडूंची चाचणी झाली आणि 2009 मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याशिवाय घरी करायचा तोलाचा सराव. आठवड्यातून तीनदा, फार तर अर्धा तास, आठ आठवडे, आणि कोणी देखरेख करणारा नाही. वर्षभरात नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 33 टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला, सराव केलेल्यांपैकी 22 टक्क्यांचा. अमेरिकेत 765 शालेय खेळाडूंवर झालेल्या 2006 च्या चाचणीतही तोलाच्या सरावाने घोट्याच्या दुखापती तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी झाल्या. या चाचण्यांत जोराची जाण वेगळी काढून घडवलेली नव्हती. पूर्ण तोल घडवला गेला. पण तोल म्हणजे हलक्या, अचूक जोराची अखंड दुरुस्तीच. एका पायावर उभे राहून पोटरीला हात लावून पाहा, बाहेरच्या कडेचे स्नायू क्षणाक्षणाला कमी-जास्त होताना लागतात. जड वजनांचा व्यायाम जे देत नाही ते हा सराव देतो, असे माझे मत या दोन्ही पुराव्यांच्या जोडीतून बनले आहे.

आता आपल्याकडे काय होते ते पाहू. घोटा मुरगळला की हळद-तुरटीचा किंवा आंबेहळदीचा लेप लागतो. दुखले तर हाडवैदाकडे जाऊन चोळून घेतले जाते. फारच सुजले तर आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात क्ष-किरण चित्र काढले जाते, आणि हाड मोडलेले नाही हे कळले की सारे निश्चिंत होतात. लेपाबद्दल माझी तक्रार नाही. ताज्या दुखापतीवर जोरजोरात चोळण्याबद्दल आहे, कारण त्याने फाटलेला पट्टा आणखी फाटतो आणि मोडलेले हाड हलते. हाड मोडले असण्याची शंका कधी घ्यायची याचा साधा नियम कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये जगाला दिला. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड किंवा टोक दाबल्यावर दुखते का, पावलाच्या बाहेरच्या कडेचा उंचवटा किंवा आतल्या बाजूचे मधले हाड दाबल्यावर दुखते का, आणि चार पावले टाकता येतात का. यांतले काही बिघडलेले दिसले तर क्ष-किरण चित्र हवेच. हा नियम आशाताईला एका दुपारी शिकवता येईल. खरी पोकळी मात्र त्यानंतरची आहे. हाड मोडलेले नाही म्हटल्यावर रुग्णाला कोणीही पुन्हा बोलावत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्टचे पद सर्वसाधारणपणे नसते, आणि सूज उतरलेला मजूर दिवसाची मजुरी बुडवून शहरात जाणार नाही, जाऊही नये.

म्हणून तपासणी त्याच्या जवळ यायला हवी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. अंगणवाडीत बाळांचे वजन करायचा टांगता स्प्रिंगकाटा असतो. तो आडवा धरून खांबाला बांधावा, पावलाभोवती रुंद पट्टी घालून काट्याच्या आकड्यात अडकवावी, माणसाला बसवून पाऊल बाहेरच्या दिशेने खेचायला सांगावे. आधी काट्याकडे पाहून दोन किलो, मग डोळे मिटून तेच दोन किलो, तीन-चारदा. मग दुसऱ्या पायाने. मुरगळलेल्या पायाची चूक चांगल्या पायापेक्षा सारखी मोठी येत असेल तर त्या पायाचे काम संपलेले नाही. हे संशोधनाच्या दर्जाचे मोजमाप नव्हे, तसा दावाही मी करत नाही. शिवाय चांगल्या पायाच्या अचूकतेवरही फार विसंबता येत नाही, कारण एका पायाचा जोर दुसऱ्याने जुळवतानाही हे लोक चुकतात, म्हणजे बिघाड काही अंशी मेंदूच्या हिशेबातला आहे. तरीही काहीच न मोजण्यापेक्षा हे कितीतरी बरे, आणि तोच काटा सरावाचे साधन होतो. दोन किलो, एक किलो, तीन किलो, डोळे मिटून लावायचे आणि मग पाहून चूक दुरुस्त करायची. जोडीला सकाळी दात घासताना एका पायावर उभे राहणे. ते जमू लागले की डोळे मिटून, भिंत हाताशी ठेवून. पुढे घडी घातलेल्या गोधडीवर.

‘मजुराला विश्रांती परवडत नाही, व्यायाम कुठून परवडणार?’ असे विचारले जाईल. उलट, विश्रांती मागणारा उपचारच त्याला परवडत नाही. हा सराव कामाचा एक दिवसही मागत नाही. दुसरे असे विचारले जाईल की जिथे रक्तक्षय आहे, सर्पदंश आहे, पिकाच्या भावाची चिंता आहे, तिथे घोट्याचे काय घेऊन बसलात. त्या प्रश्नांच्या वाट्याचा एक रुपयाही इथे वळवावा असे मी म्हणत नाही. पण घोट्याचा संधिवात बहुतेक वेळा जुन्या दुखापतींतून येतो, गुडघ्यासारखा वयाबरोबर आपसूक नव्हे. पन्नाशीत सरीत उतरता न येणाऱ्या बाईचा प्रश्न तिशीतल्या दुर्लक्षित मुरगळीत रुजलेला असू शकतो. ती किंमत कुठल्याच खात्याच्या नोंदीत येत नाही, म्हणून ती लहान दिसते.

यासाठी नवी योजना नको, असलेल्या माणसांच्या कामात थोडी भर हवी. पाय मुरगळून आलेल्याचे नाव आरोग्य केंद्राने लिहून ठेवावे आणि सहा आठवड्यांनी आशाताईने त्याला काट्यापाशी बसवावे. जिल्हा परिषद शाळेच्या व्यायाम शिक्षकाने कबड्डी आणि खो-खोच्या मुलामुलींना मैदानात सोडण्याआधी दहा मिनिटे एका पायावरचा सराव द्यावा, आणि मागच्या हंगामात पाय मुरगळलेल्यांना तो दुप्पट द्यावा. रिम्समधल्या फिजिओथेरपी विभागाने वर्षातून एक दिवस मंडलाच्या गावी येऊन या दोघांना शिकवावे, मराठीत आणि तेलुगूत दोन्ही. दिवस निवडायचा तर पोळा झाल्यानंतरचा आणि दसऱ्याच्या आतला निवडावा. तेव्हा बोंडे फुटायची असतात, निंदण आटोपत आलेली असते, आणि सराव सुरू केला तर वेचणीचा जोर येईपर्यंत त्याचे आठ आठवडे पदरात पडतात.